श्रोत्याचें स्मारक

मध्य चीनमध्यें, यांग्त्से आणि हान या दोन नद्यांच्या संगमावर, वूहान नांवाचें मोठें शहर आहे. २०२० सालीं एका साथीमुळें हें नांव घरोघर पोंचलें आणि तें उच्चारलें कीं दुसरें कांहीं आठवेनासें झालें. वस्तुतः वूछांग, हानकौ आणि हानयांग अशा तीन जुन्या गांवांचें मिळून हें शहर झालेलें आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकांतून चीनला गेले, त्या पथकानें १९३८ सालीं आपलें आरंभीचें कांहीं काम याच शहरांत केलें होतें. तीन गांवांपैकीं हानयांगमध्यें, कासवटेकडीच्या पश्चिमेस व चंद्रसरोवराच्या कांठीं, एक जुनी वास्तु आहे. तिला 'गू-छिन-थाइ', म्हणजे 'प्राचीन वीणेचा चौथरा', असें म्हणतात. श्रोतेहो, त्या चौथऱ्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

वास्तु फार मोठी नाहीं. सुमारें अडीच एकर जागा, वळणदार छपराचें एक सभागृह, त्याच्यापुढें पांढऱ्या संगमरवराचा चौथरा, शिलालेख बसविलेली पडवी आणि झाडें, इतकाच तिचा पसारा. सभागृहावरील पाटीवर चार चिनी अक्षरें आहेत. त्यांचा अर्थ 'उंच पर्वत, वाहतें पाणी' असा होतो. चिनी उद्यानकलेंत 'उसना घेतलेला देखावा' अशी एक युक्ति आहे. आवाराबाहेरची टेकडी किंवा तळें अशा रीतीनें दृष्टीच्या टप्प्यांत आणावयाचें, कीं तें आपल्याच अंगणांतलें वाटावें. येथें टेकडी आणि सरोवर दोन्ही अशींच उसनीं घेतलेलीं आहेत. त्यामुळें पाटीवरचीं तीं अक्षरें पोरकीं वाटत नाहींत.

चीनमध्यें स्मृतिमंदिरांना तोटा नाहीं. कन्फ्यूशियसचीं आहेत, ग्वान यू या सेनापतीचीं आहेत, राजेरजवाड्यांचीं आहेत. पण हें स्थान बोया नांवाच्या एका वादकाचें आणि जुंग जीछी नांवाच्या त्याच्या मित्राचें आहे. आणि या मित्राच्या खात्यावर ना राज्य, ना युद्ध, ना ग्रंथ. जुन्या लेखांत त्याची मुख्य कृति नोंदलेली आहे ती एवढीच: मित्र वाजवीत असतां त्यानें ऐकलें.

तें वाद्य कोणतें, हें आधीं सांगितलें पाहिजे, कारण कथेचें अर्धें मर्म त्यांत आहे. 'छिन' म्हणजे लांबट, पोकळ लाकडी पेटी. तिच्यावर सात तारा, व त्या पूर्वीं रेशमाच्या असत. सोयीसाठीं तिला वीणा म्हणावें, पण आपल्या वीणेसारखे पडदे तिला नाहींत. पृष्ठभागावर तेरा टिकल्या बसविलेल्या असतात. त्यांच्या अनुरोधानें डाव्या हाताचें बोट तारेवर ठेवावयाचें, घासावयाचें, थरथरवावयाचें, आणि उजव्या हातानें छेडावयाचें. आवाज अत्यंत नाजूक. मेजवानीच्या दालनांत ही वीणा वाजूं लागली, तर चार हातांवरच्या माणसाला ती ऐकूं यावयाची नाहीं. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर बोट घसरत जातें, तेव्हां तारेचा नाद संपलेला असतो आणि नुसती घर्षणाची कुजबूज उरते; जाणकार ती कुजबूजहि संगीतांत धरतात. असें वाद्य वाजविणाराला गर्दी नको असते. त्याच्या जवळ बसणारा एक मनुष्य लागतो.

बोया व जीछी यांची गोष्ट वसंत-शरद् कालांतील, म्हणजे ख्रिस्तपूर्व ७७० ते ४७६ या कालांतील, मानतात. ख्रिस्तपूर्व २३९ च्या सुमारास ल्यू बूवेई या मंत्र्यानें विद्वानांकडून 'ल्यूशी छुनछ्यू' नांवाचा एक मोठा संग्रह तयार करविला, त्यांत ती आढळते. तेथें ती अगदीं थोडक्यांत आहे. बोया वाजवीत असतां त्याच्या मनांत थाइ पर्वत आला. जीछी उद्गारला कीं वादन कसें थाइ पर्वताप्रमाणें उंच होत आहे. थोड्या वेळानें वादकाचें मन वाहत्या पाण्याकडे गेलें. श्रोत्यानें तेंहि ओळखलें. पुढें जीछी वारला. बोयानें वीणा फोडली, तारा तोडल्या, आणि ज्याच्यासाठीं वाजवावें असा आतां जगांत कोणी उरला नाहीं असें मानून तो मरेपर्यंत पुन्हां वाजवावयास बसला नाहीं.

एवढ्यावर संग्रहकर्ते थांबत नाहींत. गुणी माणसांचेंहि असेंच आहे, असें ते लगेच बजावतात. राजानें त्यांना ओळखलें नाहीं, आदरानें वागविलें नाहीं, तर त्यांनीं आपली निष्ठा कोणाला वाहावी? चांगला सारथि नसला तर उत्तम घोडाहि आपली दौड दाखवीत नाहीं. म्हणजे आपण जिला मैत्रीची कथा म्हणतों, ती लिहिली गेली राजाला कान उघडावयास सांगण्यासाठीं. मैत्री हें तिच्यांतलें निमित्त होतें. पण वाचकांनीं राजाला सोडून दिलें आणि निमित्त जपून ठेविलें.

बोयाची ख्याति त्याहि पूर्वींची असावी. त्याच शतकांतील तत्त्वज्ञ शुनझी सांगतो, कीं बोया वाजवूं लागला म्हणजे रथाचे सहा घोडे चारा खावयाचें थांबून मान वर करीत. कौतुकाची गोष्ट खरी. पण घोड्यांनीं मान वर केली म्हणून कोणा वादकाचें समाधान झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरी एक कथा 'लिएझी' नांवाच्या ग्रंथांत आहे. आज उपलब्ध असलेला हा ग्रंथ ख्रिस्तोत्तर चौथ्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाला, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. दोघांची ओळख करून देतांना या ग्रंथानें एक मोठी मार्मिक गोष्ट केली आहे: बोयाच्या वादनाला आणि जीछीच्या श्रवणाला त्यानें एकच विशेषण लाविलें आहे. जणूं ऐकणें हेंहि वाजविण्याच्याच तोलाचें कसब. पर्वत व पाणी यांचा प्रसंग येथेंहि आहे. पण पुढें एक निराळा तपशील येतो. दोघे थाइ पर्वताच्या उत्तर उतारावर हिंडत असतां एकाएकीं मुसळधार पाऊस आला. एका कड्याखालीं आडोशाला बसून, खिन्न मनानें, बोया वाजवूं लागला. प्रथम संततधार पावसाचा स्वर, मग कडा कोसळण्याचा. प्रत्येक वेळीं जीछीनें त्याच्या मनांतलें जसेंच्या तसें सांगितलें. अखेर वीणा बाजूला सारून बोया सुस्कारा सोडतो व म्हणतो, कीं तुझ्या कानांपासून मी आपला स्वर लपवूं तरी कोठें?

या प्रश्नांत आनंद आहे, पण थोडी धास्तीहि आहे. आपल्याला पुरतें ओळखणारा मनुष्य भेटणें हें भाग्य खरें. मात्र त्याच्यापुढें मुखवटा टिकत नाहीं. 'लिएझी'मध्यें जीछीचा मृत्यु नाहीं, वीणा फोडणेंहि नाहीं. कथा या सुस्काऱ्यावर संपते. मला स्वतःला ही कथा अधिक खरी वाटते. लोकांना मात्र दुसरी आवडली, आणि त्याला एक कारण घडलें.

१६२४ सालीं फेंग मंगलुंग या लेखकाचा एक कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांतली पहिलीच कथा बोया-जीछींची आहे, आणि आज चिनी घरांतलें मूल जी गोष्ट ऐकतें ती मुख्यतः हीच. येथें बोया हा जिन राज्याचा मोठा अधिकारी झाला आहे. वकिलातीचें काम आटोपून तो जलमार्गानें परततो आहे. शरद्-पौर्णिमेच्या रात्रीं हानयांगजवळ, एका डोंगराखालीं, नौका नांगरलेली आहे. तो वाजवावयास बसतो आणि तार तुटते. कोणी तरी चोरून ऐकत आहे, असा तो अर्थ लावतो. शोध घेतां कांठावर गवती इरलें पांघरलेला एक लाकूडतोड्या सांपडतो. जुन्या ग्रंथांत जीछी लाकूडतोड्या होता असें कोठेंहि नाहीं. ही सतराव्या शतकापर्यंत झालेली भर आहे, व ती फार परिणामकारक आहे. लाकूडतोड्याला वीणा काय कळणार, असें अधिकाऱ्याला वाटतें. आणि मग तो लाकूडतोड्या वाजलेली चीज कोणती, तार तुटली ती कोणत्या जागेवर, हें सारें सांगतो. रात्र सरण्यापूर्वींच दोघे भाऊ-भाऊ झालेले असतात. पुढच्या शरद्-पौर्णिमेला येथेंच भेटावयाचें ठरतें.

वर्षानें बोया येतो. कांठावर कोणी नाहीं. दुसऱ्या दिवशीं वाट शोधतांना त्याला एक वृद्ध भेटतो. तो जीछीचा बाप. दिवसा लाकडें तोडून रात्रीं पुस्तकें वाचतां वाचतां मुलानें देह झिजविला आणि तो गेला. दिलेला शब्द मोडूं नये म्हणून त्यानें आपल्याला नदीकांठींच पुरावयास सांगितलें. बोया थडग्यापुढें बसून वाजवितो. वीणेचा आवाज ऐकून आसपासचे गांवकरी जमतात, ऐकतात, टाळ्या पिटतात आणि हसत हसत निघून जातात. बोया वृद्धाला विचारतो, मी शोक वाजविला, हे हसले कां? म्हातारा म्हणतो, खेड्यांतलीं माणसें आहेत. वीणा म्हणजे करमणूक, एवढेंच त्यांना ठाऊक. यानंतर बोया चाकूनें तारा कापतो आणि वीणा दगडावर आपटतो.

तें हसणें ही फेंग मंगलुंगच्या कथेंतली सर्वांत कठोर गोष्ट होय. मृत्यूनें बोयाला रडविलें. पण वीणा फोडावयास लाविली ती त्या टाळ्यांनीं. आणि त्या गांवकऱ्यांचा तरी अपराध कोणता? त्यांना आवाज गोड लागला, त्यांनीं आपल्या परीनें दाद दिली. जीछी त्यांच्यांतलाच एक होता, हें बोया त्या क्षणीं विसरला. वर्षापूर्वीं त्यानें त्या लाकूडतोड्याकडेहि याच नजरेनें पाहिलें होतें.

आतां चौथऱ्याकडे वळूं. येथेंच ते दोघे भेटले, याला इतिहासाचा आधार नाहीं. जुन्या ग्रंथांत हानयांगचें नांव नाहीं. प्रथम चौथरा झाला सुंग राजवटीच्या काळांत असें सांगतात, म्हणजे कथा लिहिली गेल्यानंतर सुमारें बाराशें ते पंधराशें वर्षांनीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हूग्वांग प्रांतांचा सुभेदार बी युआन यानें तो पुन्हां उभारविला. त्याच्यासाठीं वांग जुंग या गाढ्या विद्वानानें शिलालेख रचला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तायपिंग बंडाच्या धामधुमींत, तो उद्ध्वस्त झाला. ग्वांगशू बादशहाच्या अमदानींत, म्हणजे १८७५ ते १९०८ या काळांत, पुन्हां उठला. येथून पश्चिमेस, त्साइद्यान भागांत, जीछीचें म्हणून एक थडगेंहि दाखवितात. १९५७ सालीं यांग्त्सेवरचा पहिला मोठा पूल झाला, त्याचें एक टोंक याच कासवटेकडीवर टेकलें आहे. तेव्हां वीणेच्या चौथऱ्यापासून थोड्याच अंतरावर आगगाड्या धडधडत जातात. कथेमुळें स्थान झालें, स्थानामुळें कथा झाली नाहीं. तरी दर वेळीं पडलेल्या भिंती पुन्हां उभारण्याइतकी ती कथा लोकांना कां हवी होती, हें पाहण्यासारखें आहे.

चीनच्या इतिहासलेखनाचा जनक सिमा छ्यान याचें उदाहरण घ्या. ख्रिस्तपूर्व ९९ च्या सुमारास, शत्रूच्या हातीं लागलेल्या एका सेनापतीची बाजू दरबारांत मांडल्याबद्दल, त्याच्यावर बादशहाचा कोप झाला. त्याला पुरुषत्व हिरावून घेण्याची शिक्षा झाली. अशा अपमानापेक्षां आत्महत्या बरी, अशी त्या काळची रीत. पण हातीं घेतलेला इतिहास पुरा व्हावयाचा होता म्हणून तो जगला. पुढें कांहीं वर्षांनीं, रन आन नांवाच्या, स्वतः मृत्युदंडाच्या छायेंत असलेल्या मित्राला त्यानें एक दीर्घ पत्र लिहिलें. आपण कोणासाठीं कांहीं करावें आणि कोणी आपलें ऐकावें, हा प्रश्न त्या पत्राच्या आरंभींच येतो. आणि तेथेंच तो जीछीच्या मृत्यूचें व बोयाच्या मौनाचें स्मरण करितो. परंतु पत्राच्या शेवटाकडे येतां येतां तो निराळें बोलतो. आपला ग्रंथ डोंगरांत सुरक्षित ठेवावा आणि जो तो समजूं शकेल अशा पुढच्या माणसाच्या हातीं तो पडावा, अशी त्याची इच्छा आहे. बोयाचें दुःख त्याला पटलें होतें. बोयाची कृति मात्र त्यानें केली नाहीं.

या कथेंतून चिनी भाषेला 'झीयिन' हा शब्द मिळाला. अक्षरशः अर्थ 'स्वर जाणणारा'. व्यवहारांतला अर्थ जिवलग, आपल्या अंतरींचें ओळखणारा. आपल्याकडे 'रसिक' आहे, 'जाणकार' आहे, 'सखा' आहे. पण या तिघांना एकत्र बांधणारा शब्द मला आठवत नाहीं. ख्रिस्तोत्तर ५०० च्या सुमारास ल्यू श्ये यानें साहित्यशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यांतल्या एका प्रकरणाचें नांवच 'झीयिन' असें आहे. खरा मर्मज्ञ किती दुर्मिळ, ही त्याची तक्रार. ध्वनिक्षेपकापुढें एकट्यानें बसून बोलणाऱ्याला तर या तक्रारीचा अर्थ विशेष कळतो, कारण ऐकणारा कोठें आहे, आहे कीं नाहीं, हें त्याला दिसतच नाहीं. वूहानमध्यें मात्र या शब्दाचा सध्यां सुकाळ आहे. 'झीयिन' नांवाचें एक लोकप्रिय मासिक तेथें १९८५ सालीं निघालें. चंद्रसरोवराच्या कांठीं २००७ सालीं 'छिनथाइ' नांवाचें भव्य नाट्यगृह उघडलें. त्याच्या एका प्रयोगाला जितकीं माणसें बसतात, तितकीं बोयानें जन्मांत पाहिलीं नसतील.

पण एक शंका उरतेच. बोयाचें वागणें जर आदर्श मानलें, तर वीणेची विद्या पहिल्याच पिढींत बुडावयास हवी होती. ती बुडाली नाहीं. १४२५ सालीं मिंग राजवंशांतला राजपुत्र जू छ्वान यानें वीणेच्या जुन्या चिजा लिहून काढून एक संग्रह छापला, त्यांत 'उंच पर्वत' आणि 'वाहतें पाणी' या दोन्ही चिजा आहेत. मुळांत ही एकच चीज होती, थांग काळांत तिच्या दोन झाल्या, असें तो नोंदवितो. त्या खुद्द बोयाच्या, असें कोणी शपथेवर सांगूं नये. तरी जो वादक आपल्या वीणेचे तुकडे करून गेला, त्याच्याच नांवानें त्या चालत आल्या, यांत एक प्रेमळ अवज्ञा आहे.

या वीणेची लिपि मोठी विचित्र असते. कोणती तार, कोणतें बोट, कोणत्या टिकलीशीं दाबावयाचें, छेड आंत कीं बाहेर, हें सर्व ती बिनचूक सांगते. पण स्वर किती वेळ धरावयाचा, लय कोणती, तें लिहीत नाहीं. तेवढें गुरूच्या तोंडून मिळावयाचें. गुरुपरंपरा तुटली कीं हातांत राहते ती नुसती बोटांची यादी. मग एखादा वादक ती यादी घेऊन महिनोन्‌महिने बसतो, एकेक जागा वाजवून पाहतो, आणि शेंकडों वर्षांपूर्वीं मेलेल्या वादकाच्या मनांत काय होतें याचा अदमास घेत लय बसवितो. याला 'दा-फू' म्हणतात. जीछीपुढें बोया जिवंत बसलेला होता. दा-फू करणाराला तेवढाहि आधार नसतो. विसाव्या शतकांत ग्वान पिंगहू या वादकानें अशा कित्येक मूक झालेल्या चिजा बोलत्या केल्या. त्यांतल्या 'यूलान' नांवाच्या चिजेचें हस्तलिखित सातव्या शतकाच्या सुमाराचें असून तें जपानमध्यें जपलें गेलें आहे.

'वाहतें पाणी' या चिजेला तर एकोणिसाव्या शतकांत नवा ओघ मिळाला. जांग खुंगशान या ताओपंथी वादकाची पद्धति १८७६ सालीं सिच्वानमध्यें छापली गेली. तींत बोटें साऱ्या तारांवरून पुन्हां पुन्हां लोळवून पाण्याचा लोंढा उभा करणारा एक लांब भाग आहे. ग्वान पिंगहू हीच पद्धति वाजवीत असत. १९६७ सालीं ते वारले. दहा वर्षांनीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. पृथ्वीबाहेर कोणी ऐकणारा असलाच तर त्याच्यासाठीं प्रत्येकावर सोन्याच्या मुलाम्याची एक तबकडी बसविली. तींत सत्तावीस संगीतखंड आहेत. चीनच्या वतीनें काय घ्यावें असें विचारतां, अमेरिकेंत राहणारे चिनी संगीतरचनाकार चौ वेन-चुंग यांनीं ग्वान पिंगहूंचें 'वाहतें पाणी' सुचविलें. तें साडेसात मिनिटांहून किंचित् अधिक चालतें, आणि तें थांबलें कीं लगेच, तबकडीवर, आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी सुरू होते. गोव्याच्या केरी गांवची ही गायिका १६ सप्टेंबर १९७७ रोजीं वारली. तिचा स्वर घेऊन निघालेल्या दोन यानांपैकीं दुसरें त्याच महिन्याच्या ५ तारखेला सुटलें होतें. २०१२ सालीं तें सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून तारकांमधल्या प्रदेशांत शिरलें.